पाठमोरा हवालदार

देवाला वाहिलेली फुले दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात. ती पुन्हा वाहता येत नाहीत आणि उकिरड्यावर टाकवतही नाहीत. म्हणून गाभाऱ्याबाहेरच्या टोपलीत साचत राहतात. किश्श्यांचेही तसेच आहे. लोणी भापकरच्या आमच्या भजनी मंडळात आरती झाली, प्रसादाचे खोबरे हातावर पडले, की कोणीतरी त्या सिनेमाची टोपली हलवतोच!

सिनेमाचे नाव ‘आरोपी हजर, हवालदार फरार’. आपण ते ऐकले नसेल, आणि त्यात आपला दोष नाही. तंबूत थोडे खेळ झाले आणि तो गेला. एक हवालदार चोराला घेऊन पायी तालुक्याच्या कोर्टात निघतो, वाटेतल्या जत्रेत हरवतो, आणि चोर बिचारा एकटाच कोर्टात जाऊन उभा राहतो. “मी आलोय साहेब, पण हवालदार हरवलाय!” हवालदार मिळेपर्यंत त्याला कोणी सोडत नाही आणि कोणी आतही घालत नाही. शेवटी चोरच पोलिसाच्या शोधात निघतो!

हातात वीणा धरणाऱ्याने सिनेमाची शिफारस करावी, याचे काहींना नवल वाटते. वाटो. इतका निर्मळ विनोद आणि त्याच्या तळाशी इतके कारुण्य मी पडद्यावर क्वचित पाहिले आहे. तो कोठे मिळाला तर अवश्य पाहावा. मात्र हवालदाराचे तोंड पाहू नये. पाठ पाहावी.

*

ती पाठ आमच्या रंगातात्याची आहे. रंगातात्या जातीचा बहुरूपी. पोलिसाचे सोंग त्याच्या घरात वाडवडिलांपासून चालत आलेले. अंगात खाकी, कमरेला बापाच्या वेळचा रुंद पट्टा, हातात दांडा. असा तो दारोदार जायचा आणि उंबऱ्याशी उभा राहून गरजायचा, “वारंट हाय! घरात चार माणसं आन् हसण्याचा आवाज न्हाय, गुन्हा दाखल! सासूनं सुनेला चांगलं म्हटलं, संशयास्पद बाब! चला चौकीवर!” घर हसे आणि सुपातले धान्य त्याच्या झोळीत पडे. एकादशीला तो खाकी घडी घालून ठेवी आणि आमच्यात येऊन टाळ धरी.

नव्वदचे दशक नुकते लागले होते. सिनेमावाले बारामतीत उतरले. हवालदाराचे काम करणारा नट मुंबईचा, नामांकित. पण त्याची चाल पोलिसाची दिसेना. तेव्हा डायरेक्टरने रंगातात्याला चाल शिकवायला बोलावले.

तात्या म्हणाला, “सायेब, हवालदार पायानं चालत न्हाय. पोटानं चालतो.”

नट हसला. “पण मला पोट कुठंय, तात्या?”

“पोट मलाबी न्हाय. भूक लपवता आली, की पोट आपोआप दिसतंय!”

*

चैत्राचे ऊन. सगळा सिनेमा पायी चालण्याचा. कालव्याच्या कडेच्या फुफाट्यात नटवर्यांनी एक फेरी मारली आणि ते गाडीत जाऊन बसले ते बसलेच. डायरेक्टरने इकडे तिकडे पाहिले आणि हवालदाराची टोपी रंगातात्याच्या डोक्यावर ठेवली. “तात्या, तुम्ही चाला. आम्ही मागून घेतो.”

तेव्हापासून तात्या चालला. उसाच्या बांधावरून, ओढ्यातून, जत्रेच्या गर्दीतून. सर्व पाठमोरे! संध्याकाळी गाडीतून नट उतरायचा, तोंडावर पाणी शिंपडून घामाघूम व्हायचा आणि तोंडाचे शॉट देऊन जायचा.

तात्याला त्या कामातून एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याने पहिल्याच दिवशी मागितली. “सायेब, एकडाव माझं तोंड घ्या. लोक मला मागतकरी म्हणत्यात. एकडाव पडद्यावर तोंड दिसलं, की कलावंत म्हणतील.”

“घेऊ की! शेवटच्या दिवशी नक्की.”

आमचा पखवाजवाला दत्तोबा म्हणाला, “तात्या, काळजी करू नगंस. प्रदक्षिणा घालताना देवाची पाठच लागती आदी. तोंडाला येईस्तवर फिरायचं.”

मला ते बोलणे तेव्हा आवडले होते. आता तसे वाटत नाही. प्रदक्षिणा पुरी करू देणे हे शेवटी पुजाऱ्याच्या हातात असते.

*

आमचे मंडळही त्या सिनेमात आहे. वाटेत एका पारावर हवालदार आणि चोर एकच भाकरी मोडून खातात आणि मागे भजन चालू असते, असा प्रसंग होता. डायरेक्टर माझ्याजवळ आला, हात जोडले आणि विचारले, “आबा, जरा कॉमेडी अभंग नाही का एखादा?”

मी म्हटले, “आहेत की. पुष्कळ आहेत. फक्त त्यातला विनोद ऐकणाऱ्यावर असतो!”

त्याने नाद सोडला. पण माणूस कसबी होता, हे मान्य केले पाहिजे. त्याने आम्हाला आमच्या लयीत गाऊ दिले आणि कॅमेरा न हलवता तो प्रसंग सलग घेतला. भाकरीचा मोठा तुकडा हवालदार चोराकडे सरकवतो आणि आपण लहान घेतो. पडद्यावर दिसते ती फक्त पाठ, थोडी झुकलेली. पण तेवढ्यात त्या माणसाचे सगळे मन कळते. असे झुकणे शिकवून येत नाही. ते नमस्कारातून येते.

*

डाळजजवळ हायवेवर एक दिवस काम होते. नटवर्य त्या दिवशी प्रसन्न होते. खाकी घालून ते स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी ट्रकला हात केला. ट्रक निघून गेला. दुसराही गेला. तिसऱ्या ट्रकच्या क्लीनरने तर त्यांनाच हात हलवून टाटा केला!

रंगातात्या पलीकडे लिंबाखाली बसून तंबाखू मळत होता. त्याने हात केला नाही की शिट्टी मारली नाही. नुसता उठला, पट्टा वर ओढला आणि रस्त्याकडे पाहिले. मागून येणारे सगळे ट्रक ओळीने थांबले. पहिला ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “सायेब, आमचं काय चुकलं?”

तात्या शांतपणे म्हणाला, “चुकलं न्हाय तर थांबलासा कशाला?”

सगळे युनिट हसले. नटवर्य हसले नाहीत. त्या संध्याकाळपासून जेवणाच्या पंगतीत तात्याची पत्रावळ वेगळीकडे, ड्रायव्हर लोकांत पडू लागली.

*

शेवटचा दिवस उजाडला. तात्याने दाढी केली. त्याची बायको सगुणाबाई पणदऱ्याहून चालत आली आणि निखारे भरलेल्या तांब्याने खाकीला इस्त्री करून गेली. सकाळी नटाचे काम झाले, दुपारी नटाचे काम झाले, दिवस कलला तरी नटाचेच काम चालले होते. शेवटी तात्या पुढे जाऊन उभा राहिला.

डायरेक्टरने आभाळाकडे पाहिले. “तात्या, सॉरी हं. लाईट गेली.”

तात्याने मागे वळून गावाकडे पाहिले. पारावरच्या खांबाचा दिवा नुकताच लागला होता. तो हरखून म्हणाला, “न्हाय सायेब! लाईट हाय की! ती बघा!”

सगळे पोट धरून हसले. डायरेक्टरही हसला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “जत्रेच्या शॉटमध्ये तुम्ही एकदा मागं वळला होता. त्यात तोंड आलंय. तो ठेवतो.”

त्या एका वाक्यावर तात्या पुढचे वर्षभर जगला.

*

सिनेमा लागायच्या आधीची गोष्ट. तालुक्याचा खराखुरा हवालदार समन्स घेऊन पणदऱ्याला गेला. नवा होता, अंगाने किडकिडीत. एका दारात उभा राहून त्याने आवाज चढवला, “घरात कोण आहे? चला चौकीवर!”

आतून एक म्हातारी सूपभर जोंधळे घेऊन आली. त्याला खालीवर न्याहाळून म्हणाली, “सोंग बरं हाय लेकरा, पर रंगातात्याची सर न्हाय. पोट काढून चाल जरा!”

शेजारच्या बायाही गोळा झाल्या. एकीने विचारले, “तात्याचा कोण रं तू? पुतन्या का?”

हवालदाराने समन्स दाखवले. म्हातारी म्हणाली, “अगं बया! कागूदबी काढलाय खरा!”

हा किस्सा बारामतीपासून इंदापूरपर्यंत पिकला. हसला नाही तो एकटा हवालदार.

*

त्याने तात्याला ठाण्यावर नेले. पोलिसाचा वेष करून लोकांना फसवतो, असा ठपका. आम्हाला कळले तशी दत्तोबा आणि मी गेलो. तात्या सकाळपासून पायरीवर बसलेला होता.

फौजदार बाहेर आले. त्यांनी आधी आमच्या माळांकडे पाहिले, मग तात्याकडे. “सोंग करतोस म्हणे. करून दाखव.”

तात्या उठला. त्याने पट्टा वर ओढला आणि फौजदारांनाच वारंट बजावले. “ठाण्यात एवढी माणसं आन् एकबी आरोपी न्हाय, संशयास्पद बाब! चोरांनी संप केलाय का सायबांनी त्यांच्याशी सोयरीक केलीया?” ठाणे हसून लोळायचे राहिले. फौजदारांनी रुमालाने डोळे पुसले.

डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, “पट्टा काढून ठेव.”

तात्याला वाटले हाही विनोदच. तो हसत उभा राहिला. तो नवा हवालदार पुढे झाला आणि त्याने पट्टा ओढून घेतला.

“सायेब, त्यो माझ्या बापाचा हाय. मी कलावंत हाय. सिनेमात काम केलंय.”

“असं? मग सिनेमा लागू दे. पडद्यावर तुझं तोंड दिसलं, तर त्याच दिवशी पट्टा घेऊन जा. माझा शब्द!”

परत येताना तात्या एका हाताने चड्डी धरून चालत होता. तरी म्हणाला, “मोठ्या मनाचा मानूस हाय.” संत दुर्जनालाही हात जोडतात, हे मी जन्मभर कीर्तनातून सांगत आलो. त्या दिवशी ते पाहिले, आणि मला त्यात काहीही गोड वाटले नाही.

*

मागच्या गणपतीत बारामतीच्या केबलवाल्याने हा सिनेमा एका दुपारी लावला. मध्येच साड्यांच्या सेलची जाहिरात घुसडली, आणि शेवट तर दाखवलाच नाही. आमच्या सूनबाई माहेरच्या साताऱ्याकडच्या. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मामंजी, हा नट समोरून कसनुसा वाटतो. पण मागून किती सुंदर काम करतो!”

मी देवघरात जाऊन बसलो.

*

आता तंबूची गोष्ट.

सिनेमा आमच्या मुलखात आला तो इंदापूरच्या बाजूला, एका जत्रेत. संध्याकाळचा पहिला खेळ. आमचे सगळे मंडळ गेले. तात्या मधोमध बसला, धुतलेली खाकी घालून, कमरेला सुतळी बांधून. शेजारी सगुणाबाई, डोक्यावरून पदर घेऊन. तंबूच्या दारातल्या बांबूला टेकून तो नवा हवालदार उभा होता, बंदोबस्ताला. फौजदारांनी त्याच्याजवळ पट्टा देऊन ठेवला होता, हे सर्वांना ठाऊक होते. कारण तो खांद्यावर टाकूनच उभा होता.

खेळ सुरू झाला. तात्याची पाठ आली की आमची माणसे शिट्ट्या मारीत. कालवा गेला. ओढा गेला. आमचे भजन आले आणि गेले. मग जत्रेचा प्रसंग आला. दत्तोबाने तात्याचा गुडघा दाबला.

पडद्यावर पाठ गर्दीतून चालली होती. कोणी हाक मारली. पाठ थांबली. खांदा वळू लागला. आणि नटाचे तोंड आले, पाणी शिंपडलेले.

लोक हसले, कारण तेथे विनोद होता. पुन्हा पाठ आली आणि चालू लागली.

तेव्हा सगुणाबाई उठल्या. त्या काळी तंबूत पडद्यामागेही माणसे बसत, चित्र उलटे दिसले तरी चालत असे. त्या पदर सावरून माणसांतून वाट काढीत पुढे गेल्या. पडद्यावर त्यांची सावली पडली आणि लोक ओरडले, “ए मावशे, खाली बस!” त्या बसल्या नाहीत. कनातीची कड उचलून त्या पडद्याच्या मागे गेल्या.

बऱ्याच वेळाने त्या आल्या. हवालदाराने वाट अडवून हसत विचारले, “काय बाई, कुठं चालला हुता?”

“मालकांचं तोंड बघाया.”

“मग दिसलं का?”

सगुणाबाई म्हणाल्या, “तिकडूनबी पाठच हाय.”