गोळीला मी कॉपी समजलो

रामटेके सर नसते, तर आरमोरीजवळच्या आमच्या गावात मी आज वैनगंगेच्या काठी जाळं दुरुस्त करत बसलो असतो. त्यात वाईट काही नाही. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे; माझ्या वडिलांनी जन्मभर तेच केलं. पण बारावीनंतर ब्रह्मपुरीच्या कॉलेजचा फॉर्म सरांनी भरला, माझा हात धरून मला तिथं नेलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. त्याच सरांना सगळ्यांत जास्त मी आवडावा, या हट्टापायी मी आजारी पडलो. अशा हट्टात आणखी कुणी असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

निदान झालं तो दिवस सांगतो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ट्युनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा लोखंडी चिमटा, माझ्या घोट्याच्या हाडावर ठेवला. “थरथर जाणवते का?”

मी म्हटलं, “हो.”

डॉक्टरांनी चिमटा उचलला. “मी तो वाजवलाच नव्हता.”

मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मला वाटलं मी सरळ उभा आहे. सिस्टरनं दंड धरला तेव्हा कळलं, मी पडत होतो.

व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह डेफिशियन्सी, म्हणजे या जीवनसत्त्वाची कमतरता. त्यामुळे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. नसांवर वायरीसारखं आवरण असतं, ते झिजलं होतं. पाय जमिनीवर आहे की हवेत, हा निरोप डोक्यापर्यंत नीट पोहोचत नव्हता.

“जेवणात काय असतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी व्हीगन आहे.” म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, दूध, दही, तूपसुद्धा नाही. त्या अवस्थेतही मी हे छाती काढून सांगितलं.

“बरं. मग बी-ट्वेल्व्हची गोळी कुठली घेता?”

“कुठलीच नाही.”

“का बरं?”

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्या उत्तराचं नाव प्रशांत. तोही सरांचाच विद्यार्थी, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. पुण्यात नोकरी करून ब्रह्मपुरीला परत आला आणि कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. रविवारी सकाळी सरांच्या ओसरीवर आम्ही जुने विद्यार्थी जमायचो. मी मूल या गावाहून बसनं यायचो. तिथल्या एका खासगी शाळेत मी गणित शिकवतो. सरांच्या खुर्चीशेजारचं स्टूल बारा वर्षं माझं होतं. एका रविवारी गेलो, तर त्यावर प्रशांत.

तो दुधाबद्दल बोलत होता. म्हशीला रेडा झाला की त्याला कुणी धड पाजत नाही, तो मरतो, आणि आपण चहा पितो. सर ऐकत होते. पुढच्या रविवारी सरांच्या कपात काळा चहा. “प्रशांतनं माझे डोळे उघडले,” ते म्हणाले. माझे डोळे सरांनी उघडले होते. सरांचे उघडायचं मला कधी सुचलं नाही आणि या माणसानं ते आठ दिवसांत केलं.

मी तिथल्या तिथं जाहीर केलं, “सर, मीपण दूध सोडलं. अंडी सोडली. मासेसुद्धा.”

सर खुर्चीत पुढं सरकले. “ढिवराचा पोरगा मासे सोडून राह्यला. हे लहान काम नाई, बाबू.”

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रशांतही. त्या एका मिनिटावर मी पुढची दोन वर्षं काढली.

निघताना पायऱ्यांवर प्रशांतनं गोळ्यांची पत्ती माझ्या हातात ठेवली. “दिवाकरभाऊ, हे आठवड्यातून एक घेत जा. बी-ट्वेल्व्ह पाल्याभाजीत भेटत नाई.”

ती पत्ती मी शाळेतल्या ड्रॉवरमध्ये टाकली. दहावीला आमच्या सेंटरवर खिडकीतून गाईडची पानं यायची. सर सांगायचे, नापास झालास तरी चालते, कॉपी नाई करायची. मी केली नाही. आता मला वाटलं, गोळी घेणारा प्रशांत कॉपी करून व्हीगन झाला आहे. मी बिनागोळीचा पास होऊन दाखवीन.

आई आरमोरीच्या बाजारात मासे विकते. तिला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम थांबवलं.

“मासे इकून मी तुले शिकवलं. मंग ते पुस्तकं बी पापाचेच का रे?”

मी म्हशीच्या पारडाचं सांगितलं.

“म्हशीचं पारडू दिसते तुले. माय नाई दिसत?”

खरं सांगायचं तर पारडूही मी पाहिलेलं नव्हतं. प्रशांतकडून ऐकलेलं बोलत होतो. पाहिलं ते नंतर, मूलच्या एका गोठ्यात. मेलेल्या पारडाच्या कातड्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून ते म्हशीपुढे उभं केलं होतं, तिला पान्हा फुटावा म्हणून. म्हैस ते चाटत होती. तोवर दूध सोडून मला वर्ष झालं होतं.

दुसऱ्या वर्षी जीभ लाल होऊन झोंबायला लागली. शाळेचा जिना चढताना दम लागायचा. पायांत मोजे घातल्यासारखं वाटायचं. बोटांतून खडू पडायचा. एकदा बसमधून उतरून चालायला लागलो, तर कंडक्टर ओरडला, “ओ मास्तर, चप्पल काऊन सोडून चालले?” खाली बघितलं. एक पाय अनवाणी होता आणि मला पत्ता नव्हता. तरी मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर प्रशांत जिंकला असता.

दवाखान्यात नऊ दिवस होतो. एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या यंत्रातून पाठीच्या कण्याचा फोटो. मग रोज एक इंजेक्शन. मला एकच विचारायचं होतं, फळ्यापुढे पुन्हा उभा राहू शकेन का? डॉक्टर म्हणाले, “रक्त लवकर भरून येईल. नसा हळू भरतात. किती भरतील, ते आज सांगत नाही.”

व्हीगन राहू नका, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. “राहायचं तर राहा, पण गोळी जेवणातलीच समजा, मिठासारखी. तुमच्या शेजारच्या पलंगावरचे काका रोज दूध पितात, त्यांचंही बी-ट्वेल्व्ह कमीच आहे.”

चौथ्या दिवशी प्रशांत आला. दोन पलंगांमधून सरळ, भराभर चालत आला. मी त्याच्या पायांकडे बघत होतो. इतका हेवा मी त्याच्या त्या स्टुलाचाही केला नव्हता.

“भाऊ, ते पत्ती?”

“ड्रॉवरमध्ये.”

“पुरी?”

“पुरी.”

तो खाली बघत म्हणाला, “मीनं बी पहिले नाई घेतली. पुण्यात हातच सुन्न झाले होते. म्हणून तं तुमाले आणून देल्ली.”

मला लाज वाटली. आणि लाजेच्या आधी, क्षणभर, याचे हात बरे झाले याचाच राग आला. जे झालं तेच लिहितो.

आईनं डबा आणला. वरण-भात, आणि वेगळ्या डबीत नदीचे बारीक मासे. “खाशील तं खा. नाई तं मी खातो,” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी खाल्ले. तिनं वळून पाहिलं नाही, फक्त रिकामी डबी पिशवीत टाकली.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तो चिमटा घोट्यावर ठेवला. “जाणवते?” या वेळी मी थांबलो. “नाही,” म्हटलं. गुडघ्यावर ठेवला. “इथे आहे. थोडी.” ते हसले. घरी आल्यावर पहिलं काम म्हणून सरांना पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

जय भीम. माझी तब्येत सुधारते आहे. पुढच्या महिन्यात शाळेत जाईन, सुरुवातीला खुर्चीवर बसून शिकवीन.

मासे सोडले म्हणून त्या रविवारी तुम्ही मला मोठं म्हटलं. ते तुम्ही परत घ्या. मी मासे माशांसाठी सोडले नव्हते. तुम्ही प्रशांतकडे बघत होता, ते माझ्याकडे बघावं म्हणून सोडले होते. त्याचं उत्तर मी बघून लिहिलं, मधल्या पायऱ्या न समजता. सर, कॉपी मी केली.

दूध मी आताही घेत नाही. तणीस भरलेलं पारडू मी स्वतः पाहिलं आहे, ते विसरता येत नाही. आईच्या हातचे मासे मात्र पुन्हा खातो. हे तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितो आहे. दर रविवारी एक गोळी घेतो.

हेवा गेला असं लिहिलं तर खोटं होईल. तुम्ही प्रशांतच्या गाडीवर बसून मला भेटायला येणार होता, असं आईनं सांगितलं. त्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की त्याच्याच गाडीवर का?

येत्या रविवारी येतो आहे. तुमच्या ओसरीच्या तीन पायऱ्या मला अजून एकट्याला चढवत नाहीत, कुणाचा तरी हात लागतो. मी पोहोचेपर्यंत प्रशांतला थांबायला सांगा.

आपला विद्यार्थी,
दिवाकर