हलूमाने हात आवरले ती सकाळ

हलूमाने नवऱ्याला अर्धवट कपड्यांत घराबाहेर बसवलं आणि तो रडकुंडीला येईस्तोवर समोर बसून मजा बघितली, ही बातमी मंगळवारी तंदुरातली पहिली भाकरी निघायच्या आत महदिया गावाच्या बंदराकडच्या गल्ल्यांत पोचली. दुसरी भाकरी निघेपर्यंत तिला मीठमसालाही लागला. म्हणे हमामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, मालकाशी बाईचं सूत जुळलंय. आता हमामचा मालक म्हणजे दात पडलेला, कानाने अधू आणि हलूमापुढे आवाज चढवायची हिंमत नसलेला म्हातारा. पण बातमी चविष्ट असली की दातांचा हिशोब कोण करतो.

खरं एवढंच होतं, की तिजानी उघड्या शर्टाने दारात बसला होता आणि हलूमा त्याच्याकडे बघत होती. मजा बघण्याचं म्हणाल, तर मजा बघायला गेली होती ती आमची गल्ली. आणि परत आली ती मान खाली घालून.

तिजानी मूळचा विणकर. लग्नात नवरीच्या अंगावर जे रेशमी पट्टे चढतात ते त्याच्या मागावरचे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बोटांतून धागा निसटायला लागला, मग वाटी, मग पायाखालची जमीन. डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. माग विकला गेला. पण गल्लीला विचाराल तर तिजानीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. रोज सकाळी तो गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, निळं जाड सुती जाकीट, डोक्यावर लाल टोपी आणि कानामागे मोगऱ्याचा गुच्छ अशा थाटात बायकोच्या हातात हात घालून बशीरच्या कॉफीखान्याकडे निघायचा. समोरच्या झकियाने या जोडीचं नाव ‘नवरा-नवरी’ ठेवलं होतं. माग विकून या वयात इश्क विणायला घेतलाय मेल्यांनी, असं ती खिडकीतून ऐकवायची. हलूमा हसून पुढे जायची.

त्या हातात हात घालण्यात तिजानीचं सगळं वजन असायचं, हे झकियाला कुठून दिसणार. बशीरला तेवढं ठाऊक होतं. सांडू नये म्हणून तो तिजानीचा पेला अर्धाच भरायचा आणि गिऱ्हाईकांनी विचारलं तर म्हणायचा, उधारीवाल्याला एवढीच मिळते.

हमाम सकाळी पुरुषांचा, दुपारपासून बायकांचा. हलूमाचं काम त्या दुपारचं. खरखरीत हातमोजा चढवून ती गावभरच्या बायकांच्या पाठी घासायची. म्हणून सकाळ तिजानीची. दाढी ती करायची, पण अशी की जणू त्याच्या हनुवटीचा पापा घ्यायला वाकलीय. बटणं लावायची ती कॉलर झटकायच्या निमित्ताने. चपला चढवायची ती खाली काहीतरी पडलंय ते शोधताना. तीन वर्षं हे चाललं, आणि इतकं बेमालूम चाललं, की गल्ली तर फसलीच, पण खुद्द तिजानीही फसला. त्याला प्रामाणिकपणे वाटायचं की आपण जरा सुस्तावलोय आणि बायको जरा लाडात आलीय.

मग हमामच्या मालकाने निरोप दिला, की सकाळी पंचे धुवायलाही बाई लागणार, पुऱ्या दिवसाला ये, नाहीतर दुसरी बघतो. हलूमाचा जीव टांगणीला लागला. पुरा दिवस धरला तर तिजानीला उठवणार कोण, बसवणार कोण? काम सोडलं तर खाणार काय? कुणीतरी सुचवलं, की अपंगत्वाचं कार्ड मिळालं तर महिन्याचं थोडं अनुदान येतं, औषधं फुकट होतात. तेवढ्यावर ती मालकाला नाही म्हणू शकली असती. तिने कागद जमवले आणि वैद्यकीय मंडळापुढे नवऱ्याला उभं केलं.

उभं केलं म्हणजे कसं? आदल्या दिवशी त्याचा ठेवणीतला शर्ट इस्त्री करून, अंगावर संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडून. सरकारी डॉक्टरांपुढे नवऱ्याला गबाळा नेला तर लोक काय म्हणतील! डॉक्टरांनी विचारलं, कसं काय? तिजानी म्हणाला, “लाबास, हम्दुल्ला.” आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. घर जळालेलं असो की पोर दगावलेलं, आधी लाबास, सगळं ठीक, देवाची कृपा. परक्यापुढे कुरकुर म्हणजे थेट वरच्याची तक्रार. चालता येतं का? लाबास. कपडे स्वतः घालता का? हो तर. डॉक्टरांनी एकवार त्या कडक कॉलरीकडे पाहिलं. त्यांचं तरी काय चुकलं? अर्ज नामंजूर झाला.

परतीच्या वाटेवर मासळीबाजार आल्यावर हलूमा म्हणाली, “अरे माणसा, कपडे स्वतः घालतोस?”

“मग कोण घालतं?” तिजानी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसलं. अर्ज तिजानीच्या जिभेने बुडवला नव्हता, तिच्या हातांनी बुडवला होता.

तिने पुन्हा अर्ज केला. या खेपेला मंडळाकडून कुणीतरी पाहणीला घरी यायचं ठरलं. येणारी मुलगी रफीका म्हणून, बोलायला गोड पण डोळे धारदार. तिने हलूमाला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, “खाला, मंगळवारी त्यांना हात लावू नका. मला काका बघायचेत. तुमची कामगिरी नाही.”

हो म्हणायला काय जातं. हलूमा हो म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तिजानी आधी रागावला, मग हसला. एवढंच ना, दाखवतो, म्हणाला. भिंतीला धरत धरत दारात आला, स्टुलावर बसला आणि शर्ट मागितला. उजेडात घालतो, म्हणाला, म्हणजे त्या मुलीलाही दिसेल आणि झकियालाही. हलूमा समोरच्या पायरीवर बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

झकिया कणकेचं ताट घेऊन तंदुराकडे निघाली होती. थांबून म्हणाली, “आज नवरीने नवऱ्याला नवीन कपडे दिले नाहीत वाटतं?” दोघीतिघी हसल्या. तिजानीही हसला आणि त्याने बाही धरली.

बाही त्याच्या हातात राहीना. त्याने ती दातांत धरली, खांदा खाली केला, वर केला, भिंतीला पाठ घासली. एक हात आत गेला. दुसरा पाठीमागे शर्ट शोधत राहिला, आंधळ्याने विहिरीचा दोर शोधावा तसा. झकिया अजून उभीच होती. ताटातली कणीक ऊन लागून सुकत चालली होती. कोळ्यांची दोन माणसं जाळं खांद्यावर घेऊन आली आणि तिथेच थबकली. शर्ट घालणं म्हणजे काय असतं ते आमच्या गल्लीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रोज घालतो आपण, डोंगर चढतोय हे कुठे कळतं.

दुसरा हात आत गेला तेव्हा कुणीतरी नकळत श्वास सोडला. मग बटणं. बोटं बटणावर यायची आणि त्यांना कळायचंच नाही की आपण आलोय. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला, तो पुसायलाही त्याला जमेना. हलूमाचे खांदे पुढे झुकले, पुन्हा मागे गेले. झकियाने ते पाहिलं. खिडकीतून रोज पाहिलेल्या सगळ्या सकाळी तिच्या डोक्यात एकदम उलगडल्या असाव्यात, कारण ताट जमिनीवर ठेवून ती मटकन खाली बसली.

रफीका केव्हा येऊन गर्दीत उभी राहिली ते कुणालाच कळलं नाही. एक बटण लागलं. एकच, तेही भलत्याच काजात. तेव्हा ती पुढे झाली आणि विचारलं, “कसं काय, काका?”

“लाब…” एवढं तिजानी म्हणाला आणि थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती हातांवर बसलेली, डोळे कोरडे, ओठ आत ओढलेले. तो तिच्याकडे असा बघत राहिला की जणू लग्नाच्या दिवसानंतर आजच ती त्याला दिसत होती.

“बरं नाही, पोरी,” तो म्हणाला. “हम्दुल्ला, पण बरं नाही. मला वाटायचं हे सगळं मी करतो. ही करत होती.”

आमच्या गल्लीत त्या प्रश्नाला असं उत्तर कुणी कधी ऐकलं नव्हतं. कोळ्यांपैकी एकाने डोक्यावरची टोपी काढली, मग कशाला काढली ते न कळून परत घातली. रफीकाने कागदावर काय लिहायचं ते लिहिलं आणि ‘झालं’ अशी मान हलवली. ती मान हलल्यावर मात्र हलूमाचे हात मांड्यांखालून जे सुटले, ते थेट त्या भलत्या काजातल्या बटणावर.

ऑलिव्हच्या तोडणीआधी कार्ड आलं. हलूमाने मालकाला सांगितलं, मी दुपारचीच. मालकाने ऐकू न आल्याचं सोंग केलं आणि तिलाच ठेवलं. नवरा-नवरी अजूनही हातात हात घालून कॉफीखान्याकडे जातात. आता झकिया दार उघडून वाटेतला दगड बाजूला करते, पण जिभेला हाड नाही ते नाहीच. परवा हमामात पाठ घासून घेता घेता म्हणाली, “काही म्हण हलूमा, नशीब काढलंस. एक सकाळ हात बांधून बसलीस आणि सरकार त्याचे पैसे देतंय.”

हलूमाने हातमोजा पाण्यात बुडवला, पिळला आणि म्हणाली, “दुपारभर तुमच्या पाठी घासते, माझे हात कधी दुखत नाहीत. त्या सकाळी दुखले.”