मॅटवरील भोकाबाबत खुलासा

प्रति: सहा सिलिंडरच्या, दोन दारांच्या पांढऱ्या गाडीचे नवे मालक, मुक्काम चाकण.
खुलासा देणार: मी, अर्जनवीस, सरकारी कचेरीच्या भिंतीलगतचे टेबल, पिंपरी.
ज्यांच्याविषयी: फोरमनदादा, गाडीचे आधीचे मालक, हयात नाहीत.
साक्षीदार: एक, रहीमभाई, गिअरबॉक्सचे मिस्त्री, कासारवाडी. दोन, दादांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो.
घटनेचा वार: गुरुवार, कंपन्यांच्या सुट्टीचा.

महोदय,

आपली नोटीस वहिनींना पोहोचली. तीत आपण लिहिता की, ही गाडी आपणांस ऑटोमॅटिक म्हणून विकली गेली; परंतु चालकाच्या डाव्या पायाखालची मॅट, नेमका जिथे क्लच असतो त्या जागी, आरपार झिजलेली आहे. सबब गाडी मुळात हाताने गिअर टाकण्याची असावी, आणि मयत मालकाने गिअरबॉक्स बदलून ही बाब लपवली असावी. वहिनींनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर माझाच पेपरवेट ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, त्यांना लबाड म्हटलंय. उत्तर लिवा."

भोकाचा खुलासा करायचा तर डाव्या पायापासून आरंभ करणे भाग आहे. फोरमनदादांचा डावा पाय आयुष्यात कधी स्वस्थ बसला नाही. चाकणच्या कारखान्यात तीस वर्षे त्यांनी गिअरबॉक्स जुळवले आणि तितकीच वर्षे कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून ते क्लच दाबत आले. ड्रायव्हरने गिअर बदलायला उशीर केला की दादांचा पाय आधी पडे आणि पाठोपाठ तोंडातून "च्च" असा आवाज निघे. एका ड्रायव्हरने दुसऱ्या मार्गावर बदली मागितली. तो अर्ज मीच लिहिला होता. कारणाच्या रकान्यात "मागील प्रवाशाचा पाय" असा स्पष्ट उल्लेख आहे.

न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, शोकसभेतल्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेतसुद्धा, रस्त्यावरून एखादा ट्रक चढ चढू लागला की दादांचा पाय त्याच्या मदतीला धावे. "तिसऱ्यात रडतोय त्यो," ते कुजबुजत. "दुसरा दे की बाबा." त्यांचे एक मत ठरलेले होते, आणि ते मत मी त्यांच्या अनुमतीने अनेकांना माझे म्हणून ऐकवले आहे: "गिअर टाकायचा नसतो, वकील. गिअर मागायचा असतो." मी वकील नाही. ते मला चिडवण्यासाठी तसे म्हणत. मी चिडत नसे, कारण आजूबाजूच्या लोकांना ते खरे वाटे.

हजारो गाड्यांचे गिअरबॉक्स ज्याच्या हाताखालून गेले, त्याच्या दारात मात्र एक स्कूटर होती. निवृत्तीनंतर एकच गाडी घ्यायची आणि ती सहा सिलिंडरची, असे त्यांनी ठरवून टाकले होते. चारची का नको, असे विचारले तर म्हणत, "चार म्हंजी बाजार हाय. सहा जण एका लयीत आले, की भजनी मंडळ बसल्यावानी वाटतं." अशा एकसारख्या दोन गाड्या पिंपरीतल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे एकाच वेळी आल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही दोन दारांच्या. फरक एवढाच, की एकीत गिअर हाताने टाकायचे आणि दुसरी ते आपले आपण बदलणारी. अशा गाडीला कूपे म्हणतात, हे मला तिथे कळले. रेल्वेतल्या कूप्यात माणूस पाय पसरून झोपतो. इथे मागच्या सीटवर मला स्वतःची चार पदरी घडी घालावी लागली.

रहीमभाईंनी दोन्ही गाड्यांखाली शिरून तपासणी केली आणि कपडे झटकत निकाल दिला. "इंजिन दोन्हीचं एक नंबर. दादा, सवाल गाडीचा नाही, गुडघ्याचा आहे. ऑटोमॅटिक घ्या." दादांचा डावा गुडघा लाइनवर उभे राहून झिजलेला होता. डॉक्टरांनी त्यावर जोर देण्यास मनाई केली होती. दादांनी रहीमभाईंकडे असे पाहिले, जणू त्यांनी जेवणाऐवजी सलाईन सुचवले असावे. "ती गाडी हाय व्हय? ती पाहुण्यासारखी बसवून नेती. मला माझ्या हातानं जायचंय."

त्याच गुरुवारी आम्ही हातच्या गिअरची गाडी चाकणच्या रस्त्यावर नेऊन पाहिली. जाताना दादा पंचवीस वर्षांचे दिसत होते, हे मी शपथेवर सांगतो. पुढे कांद्याच्या ट्रकांची रांग लागली आणि मुंगीच्या चालीत दादांनी किती वेळा क्लच दाबला ते मोजणारा मी घडी होऊन मागे होतो. परत आल्यावर दादा उतरेनात. गुडघा वाकलेला तो वाकलेलाच राहिला. रहीमभाईंनी काखेत धरले, मी पाय धरले आणि आम्ही त्यांना सोफा काढावा तसे बाहेर काढले. उभे राहताच ते म्हणाले, "हीच घ्यायची. वकील, लिव्ह चिठ्ठी. सांग त्याला, घरी पाठव म्हणावं." व्यापारी तोवर जेवायला गेलेला होता.

चिठ्ठी मी तिथेच बॉनेटवर लिहिली. दादांनी न वाचता सही केली. "तुझं मराठी तुझ्यापाशी. सही कुठं करू ते दाव." माझ्या लेखनात परभाषेतला शब्द सहसा येत नाही, म्हणून मी लिहिले: "दोन गाड्यांपैकी स्वयंचलित गाडी आम्हांस पसंत आहे."

गाडी घरी आली. गल्ली जमली. वहिनींनी नारळ फोडला. दादा आत बसले, त्यांनी किल्ली फिरवली आणि डावा पाय दाबला. खाली काहीच नव्हते. त्यांनी पुन्हा दाबला. मग त्यांनी काच खाली केली आणि माझ्याकडे चिठ्ठीची प्रत मागितली. मी सर्वांसमक्ष खुलासा केला, की स्वयं म्हणजे स्वतः. जी स्वतः चालवायची ती स्वयंचलित, असा माझा समज होता. रहीमभाई पोट धरून पायरीवर बसले. दादांनी विचारले, "किती शिकलास रं?" मी म्हणालो, "सातवी." ते म्हणाले, "तरीच." दुसरी गाडी त्याच दिवशी विकली गेली होती. कासारवाडीत माझे नाव तेव्हापासून 'स्वयंचलित वकील' पडले, आणि दोन पक्षकारांनी माझे अर्ज शाळामास्तरांकडून तपासून घेतले.

दादांनी मात्र ती गाडी मनापासून चालवली. दर गुरुवारी वहिनी शेजारी, मी मागे घडी. इंजिनाचा सूर बदलू लागला की दादांचा डावा पाय मॅटवर पडे, आणि गाडी गिअर बदले. "ती तिच्या मनानं बदलती, असं त्या रहीमला वाटतं," ते मला आरशातून सांगत. "मी पाय देतो तवा बदलती." महोदय, आपले भोक ते हे. मॅटच्या खाली क्लच कधीही नव्हता, गिअरबॉक्स मूळचाच आहे, आणि रहीमभाई तसे लिहून देण्यास तयार आहेत.

आता या प्रकरणात लबाडी झालीच नाही, असे म्हणता येणार नाही. ती झाली, परंतु ती दादांनी केली नाही. चिठ्ठी लिहिण्याच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या टेबलापाशी थांबल्या होत्या. गाडीबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, की जिना ते आता बसून बसून उतरतात, कुणी पाहत नसेल तेव्हा. महोदय, मी सरकारी कागद आयुष्यभर लिहीत आलो आहे. स्वयंचलित म्हणजे काय आणि हस्तचलित म्हणजे काय, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते.

गेल्या थंडीत दादा पिंपरीच्या दवाखान्यात होते. खालून ट्रक गेला की चादरीखाली पाय हलताना दिसे. एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाले, "वकील, तुला दोनी शब्द येत व्हते." मी म्हणालो, "नाही दादा, सातवी." ते थोडे हसले. "बरं. तसंच सांगत ऱ्हा." आठवड्याने ते गेले. त्यांची ही आज्ञा मी आज प्रथमच मोडत आहे, कारण त्यांना लबाड म्हटले जाण्यापेक्षा मी स्वतः लबाड ठरणे बरे.

सबब विनंती, की आपण नोटीस लेखी मागे घ्यावी आणि वहिनींची क्षमा मागावी. मॅट आपणांस दोषपूर्ण वाटत असल्यास नवी घालून घ्यावी व जुनी, भोकासह, न धुता, माझ्या टेबलावर आणून द्यावी; पोच दिली जाईल. गाडी आपलीच आहे, तीबद्दल तक्रार नाही. फक्त एखाद्या चढाला ती रेंगाळली, तर डावा पाय एकदा देऊन पाहावा, आणि काय घडले ते उत्तरात अवश्य कळवावे.

आपला,
अर्जनवीस (सातवी पास)