आधी लांब सूर!

ट्रम्पेट वाजवताना आत पाणी साठतं. ते अधूनमधून काढून टाकलं नाही तर सूर गुळगुळायला लागतो. किश्श्यांचंही तसंच आहे हो! आमच्या बँडमध्ये इतके साठलेत की चार माणसं भेटली की मी झटकायला लागतो.

मंडईच्या मागच्या गल्लीत आमच्या बँडची खोली. बशीरचाचा आमचे मास्तर, पहिला ट्रम्पेट त्यांचा. मी सोमण, दुसरा ट्रम्पेट. सदाशिव पेठेतला बँडवाला, म्हणजे पेठेतही बोलणी आणि बँडमध्येही बोलणी! आणि दत्ता, विश्रांतवाडीपलीकडच्या गावातला. घरची शेती सांभाळून युफोनियम, म्हणजे भलामोठा पितळी भोंगा, पोटाशी धरून वाजवायचा.

ट्रम्पेट बोटांवर कमी आणि ओठांवर जास्त चालतो. चार दिवस सोडला की ओठ परके होतात. म्हणून चाचांचा कायदा होता: गाव कुठलंही असो, सकाळी सात वाजता आधी लांब सूर! एका श्वासात एकच सूर, ओढवेल तितका, जराही न हलता. हलला की चाचा ओरडलेच, "हलला! परत!"

घरी असलो की मी हा रियाज पेठेत करायचो. त्यामुळे दौऱ्यावर निघालो की शेजारचे लेलेकाका हमखास दारात येत. "सोमण, सावकाश या हो. घाई नाही!"

त्या वर्षी चाचांच्या नसीमचं लग्न ठरलं, सीझनच्या अगदी शेवटी. पोरगी म्हणाली, "अब्बा, अख्ख्या पुण्याच्या पोरींच्या पाठवणीला वाजवलंत. माझ्या वेळेला पहिला ट्रम्पेट तुम्हीच!" चाचांनी शब्द दिला. पण मधे दीड महिन्याचा दौरा. रोज नवं गाव, नवं अंथरूण, नवं पाणी. ओठ टिकवायचे कसे?

*

सुरुवात सोलापूरच्या एसटीत झाली. सात वाजले आणि आम्ही गाडीत! चाचांनी ट्रम्पेटचं फुंकायचं तोंड तेवढं काढलं, टॉवेलखाली घेतलं आणि फुंकायला सुरुवात केली. नुसत्या तोंडाचा आवाज कसा येतो? थेट बदकासारखा!

कंडक्टर तरातरा मागे आला. "बदक कुणाचं आहे? तिकीट काढा त्याचं!"

सगळ्यांनी टॉवेलकडे पाहिलं. शेवटी दत्ता म्हणाला, "बदक न्हाई सायेब, आमचे मास्तर हायत."

कंडक्टरनं टॉवेल उचलून पाहिला. मग शांतपणे म्हणाला, "माणसाचं तिकीट काढलंय ना? मग माणसासारखं बसा!"

*

कोल्हापूरच्या लॉजवर मॅनेजरनं आधीच बजावलं, खोलीत वाजवायचं नाही. चाचांनी काय करावं? गाद्यांची चळत होती, तिच्यात ट्रम्पेट खुपसला आणि लांब सूर लावला! शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना वाटलं, पलीकडे कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. बिचाऱ्यांनी धावत जाऊन डॉक्टरच आणला.

मॅनेजर पुढे, डॉक्टर मागे. चाचांनी ट्रम्पेट पांघरुणात लपवला आणि घाबरून पेशंट झाले! डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "दीर्घ श्वास घ्या. हं, आता हळूहळू सोडा."

चाचा सोडायला लागले. सोडताहेत, सोडताहेत... डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांचाच धीर सुटला. "अहो, बास ना आता!"

चाचा पुढे सोडत राहिले. दत्ता कळवळून म्हणाला, "डागदरसायेब, मधी बोलू नका. परत पयल्यापासनं लावत्यात!"

*

साताऱ्याला नवरीच्या भावांनी जुनाच उद्योग केला. आमच्या अगदी समोर उभं राहून कैरी खायची, तिखटमीठ लावून! बँडवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं की ओठ संपले. माझा सूर गेला. दत्ताचा युफोनियम तर मोरीसारखा गुळगुळायला लागला. चाचांनी मात्र डोळे गच्च मिटले आणि पूर्ण गाणं वाजवलं.

एक आजोबा पुढे आले, डोळे भरलेले. "काय हो तल्लीनता! असे कलाकार आता होणे नाही."

चाचांनी एक डोळा किलकिला केला. "कैरी संपली का?"

*

आणि मग नाशिक! लग्नाला आठ दिवस राहिलेले. वरातीत नवऱ्याचा मामा नाचत नाचत मागे सरकला आणि त्याचं कोपर धाडकन ट्रम्पेटवर बसलं. ट्रम्पेट चाचांच्या तोंडावर! वरचा ओठ फुटला, रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस वाजवायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही!"

दौरा तिथेच आटोपून पुण्याला परतलो आणि चाचा पाटी घेऊन घरी बसले. मी रोज भेटायला जायचो. चाचा ओठाला साजूक तूप लावून आरशासमोर, तोंडावर काळजी. पाटीवर रोज एकच प्रश्न: "होईल ना?"

चाची मात्र एकदम खुशीत! "भाईजान, आणखी आठ दिवस वाढवून मिळतील का? तीस वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं पूर्ण होतंय!"

*

लग्नाच्या दिवशी ओठ भरून आला. सकाळी चाचांनी हळूच सूर लावून पाहिला. लागला! आम्ही नाचायचेच बाकी होतो.

संध्याकाळी पाठवणी. फुलांची गाडी, गल्ली गच्च, लेलेकाकाही इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. नसीम गाडीत बसली. चाचांनी ट्रम्पेट उचलला, ओठांना लावला, फुंकला. नुसती हवा! परत फुंकला. परत हवा.

ओठाला काही झालेलं नव्हतं. हनुवटी थरथरत होती. रडणाऱ्या माणसाला ट्रम्पेट वाजवता येत नाही हो! चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिला ट्रम्पेट मला द्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात गाडीची काच खाली आली. नसीमचेही डोळे वाहत होते, पण आवाज अगदी बापाचा. "अब्बा! आधी लांब सूर!"

चाचांनी डोळे पुसले. एक श्वास घेतला आणि एकच सूर लावला. आम्ही वर्षानुवर्षं सवयीचे गुलाम! सगळ्या बँडनं तोच सूर उचलला. गाडी हलली, नसीम निघाली, आणि आम्ही आपले एकच सूर ओढतोय.

नवऱ्याकडचे एक पाहुणे कुजबुजले, "गाणं कधी सुरू होणार?"

लेलेकाका वळले. "हेच आहे. दहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोय. गप्प ऐका."

गाडी वळणाआड गेली. चाचांनी ट्रम्पेट खाली घेतला, घसा साफ केला आणि करड्या नजरेनं मागे पाहिलं. "दत्ता, हलला तुझा!"

दत्तानं बाहीला नाक पुसलं. "चाचा, आज ज्याचा हालला न्हाई, असा एक तरी दावा की!"