जोडीने उचललेली काठी

कपडे वाळत घालायची काठी आई रोज सकाळी दोन्ही हातांत आडवी धरते आणि व्यायाम म्हणून हळूहळू वर नेते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा उजवा हात खांद्याच्या उंचीलाच अडतो. मी पुस्तक उघडून समोर बसते, पण नजर काठीवरच असते. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून रिपोर्ट मीच वाचले. शब्द कळले, आई पूर्ण बरी होईल का, ते मात्र कळलं नाही.

आज समोरच्या गॅलरीतल्या कुसुमकाकूंनी ओली साडी टाकलेली त्यांची काठी आईच्या जोडीने उचलली.

"वहिनी, बघू कोणाची आधी पोचते!"

"तुमचं तर झेंडावंदनच चाललंय," म्हणत आई हसली आणि लगेच कळवळली. "हसवू नका हो, टाके ओढतात."

"मग रडवू का?"

आई पुन्हा हसली. काठी कपाळापर्यंत गेली आणि तिथेच थरथरत राहिली.

दुसऱ्याचं दुखणं आपल्याला उचलता येत नसावं. फार तर शेजारी उभं राहून आपलं काहीतरी उचलता येतं. उद्या काठी इथवर तरी येईल का, कोण जाणे. मी खाली पाहिलं. पुस्तक मिटलेलं होतं, आणि बसल्या जागी माझ्या टाचा उचललेल्या होत्या.