मराठीचा प्रतिनिधी, शिवाय एअरपोर्ट पिकअप

२००३ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांत बहुधा मी एकटाच असा होतो, ज्याला आपण काय शिकतो हे दोनदा सांगावं लागे. बाकीचे ‘मेकॅनिकल’ म्हणाले की काम भागायचं. मी ‘इतिहास’ म्हणालो की समोरचा थबकायचा, आणि ‘कशाचा?’ या प्रश्नाला ‘ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या स्कॉटलंडच्या मंत्रिपदाचा’ असं उत्तर दिलं की त्याच्या चेहऱ्यावर कळवळा दाटून यायचा. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “बरं, पण मग कॉम्प्युटर कधी करणार?”

मला मात्र त्या पदानं वेड लावलं होतं. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले, तेव्हा लंडनच्या सरकारात स्कॉटलंडसाठी वेगळा मंत्री आला. चाळीसेक वर्षांनी तिकडे बंड झालं, ते मोडून काढलं आणि त्यापाठोपाठ पदही मोडीत निघालं. पुढे एकशेचाळीस वर्षं स्कॉटलंडची गाऱ्हाणी भलत्याच कामाच्या माणसांनी ऐकली. मग पद परत आलं, पण इतर मोठ्या मंत्र्यांच्या बरोबरीचा दर्जा मिळायला त्याला आणखी चाळीस वर्षं लागली. या सगळ्यात माझा प्रश्न साधा होता. हा माणूस स्कॉटलंडचं म्हणणं लंडनला सांगायला बसवलेला, की लंडनचं म्हणणं स्कॉटलंडच्या गळी उतरवायला?

माझं उत्तर अर्थातच आधी ठरलेलं होतं. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी या मंत्र्यांची यथेच्छ टिंगल केली होती. ‘लंडनला जाताना ते स्कॉटिश असत, परतताना सरकार असत’ असं एक वाक्य लिहून मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी पुढे एक ओळही लिहिली नाही. माझे प्राध्यापक एवढंच म्हणाले, की तू खुर्चीवर बसलेल्यांवर फार चिडतोस. मी मनात म्हटलं, चिडायलाच हवं.

आमच्या गावात सगळ्या भारतीयांची मिळून एक असोसिएशन होती. तिचा स्वतःचा हॉल होता आणि तिच्या कमिटीवर प्रत्येक भाषेच्या मंडळाचा एक प्रतिनिधी असे: गुजराती, तेलुगू, तमिळ, बंगाली, पंजाबी आणि आम्ही. मराठी मंडळाच्या सभेला मी गेलो होतो तो केवळ जेवायला. कमिटीवर कोण जाणार, असा प्रश्न निघाल्याबरोबर झाडून सगळ्यांना आपापल्या ताटात फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं. तेव्हा काकू म्हणाल्या, “हा मंत्र्यांचंच शिकतोय. यालाच पाठवा.”

या तर्कावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि माझी छाती फुगली.

काकू आम्हा सगळ्यांच्याच काकू. त्यांचे यजमान, म्हणजे काका, भूलतज्ज्ञ होते, साठच्या दशकात इकडे आलेले. दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगी कॅलिफोर्नियात. काकू वीस वर्षं दर रविवारी अकरा वाजता हॉलच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मुलांना मराठी शिकवायच्या. मोठी खिडकी, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, दहाबारा मुलं. काकू मराठीत विचारायच्या, मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि काकू तेच उत्तर मराठीत त्यांच्याकडून वदवून घ्यायच्या. काका गेल्यापासून त्यांचा सोमवार ते शनिवार या रविवारची तयारी करण्यात जाई. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ऑगस्टमध्ये कमिटीच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी कामं वाटली. अध्यक्ष दंतवैद्य होते, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्याशी गोड बोलण्याची त्यांना सवय होती. ते मला म्हणाले, “मराठीचं काम तसं फार नसतं ना? मग एअरपोर्ट पिकअप तूच बघ.” म्हणजे देशातून नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांना डेट्रॉइटच्या विमानतळावरून कोण आणणार, पहिले चार दिवस कुणाच्या हॉलमध्ये गाद्या टाकणार, त्याची यादी.

मी मोठ्यानं हसलो. दोनच महिन्यांपूर्वी लंडनमध्ये अगदी हेच झालं होतं: स्कॉटलंडचं पद आता पूर्ण वेळेचं उरलं नाही असं ठरवून ते वाहतूक मंत्र्याकडे जोडकाम म्हणून देऊन टाकलं होतं. मी हे सगळं कमिटीला समजावून सांगितलं. कुणीही हसलं नाही. बंगाली प्रतिनिधीनं विचारलं, “तुझ्याकडे व्हॅन आहे का?”

व्हॅन नव्हती, पण काम मी मन लावून केलं. चौतीस जणांना आणलं. त्यातला एक आपली बॅग समजून दुसऱ्याचीच घेऊन आला होता आणि त्याला परत न्यावं लागलं, तेही केलं. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले की असा प्रतिनिधी आजवर कमिटीला मिळाला नव्हता. मला ते पटलं.

ऑक्टोबरमध्ये वरच्या खोलीचा विषय निघाला. रविवारी सकाळी तिथे मोठ्या मुलांसाठी कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेची शिकवणी चालू करायची होती. चाळीस मुलांची नावं आली होती. मराठीचा वर्ग बेसमेंटमध्ये, आणि तिथे नंतर नाचाची तालीम असल्यामुळे साडेआठला, असा प्रस्ताव होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडायला तोंड उघडणार, एवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “हा इतिहासकार आहे. याला मोठं चित्र दिसतं, यार. हा समजून घेईल.”

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. मी चढलो. वर्गात मुलं दहाबाराच आहेत, चाळीस मुलांचं नुकसान कसं करायचं, काकू समजूतदार आहेत, बेसमेंटला हीटर आहे, असे विचार माझ्या डोक्यात एकामागून एक इतक्या शिस्तीत आले की ते माझेच आहेत असं वाटलं. मी म्हणालो, “वी कॅन ॲडजस्ट.” पुढच्या विषयाला सुरुवात झाली. समोसे फार चांगले होते.

दुसऱ्या दिवशी काकूंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी उपमा पुढे ठेवला. मी घसा साफ केला. “काकू, असोसिएशनचं म्हणणं असं आहे, की एकूण सगळ्यांच्या गरजा लक्षात घेता...”

“असोसिएशनचं कळलं,” काकू म्हणाल्या. “तू काय म्हणालास?”

मी म्हणालो, “मी खूप भांडलो, काकू. पण एकटा पडलो. बाकी सगळे एक झाले.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या, आणि ताटलीत आणखी उपमा वाढला. तो मी संपवलाही.

बेसमेंट म्हणजे घडीच्या खुर्च्या ठेवायची जागा. हीटर होता, पण तो सुरू झाला की त्याच्या आवाजापुढे काकूंचा आवाज पोचेना, आणि बंद केला की मुलं कोट काढेनात. रविवारी साडेआठला पोचायला मुलं तयार नव्हती आणि खरं सांगायचं तर त्यांचे आईबापही नव्हते. थँक्सगिव्हिंगपर्यंत सहा उरली. ख्रिसमसनंतर तीन. बर्फात काकू गाडी चालवत नसत, म्हणून त्यांना न्यायला-आणायला मी जात असे. लोक म्हणायचे, किती करतो हा मराठीसाठी. मी मान खाली घालून हसायचो. अशा वेळी हसणारा माणूस नम्र दिसतो.

वर्ग चालू असताना मी मागच्या खुर्चीत बसून लॅपटॉपवर दुसरं प्रकरण दुरुस्त करत असे. त्या मंत्र्यांविषयीचं एकेक कडक विशेषण मी काढून टाकलं. ते लाडकं वाक्यही काढलं. त्यांच्यावर केवढा दबाव असेल, मंत्रिमंडळातला माणूस किती एकटा असतो, असं बरंच काही घातलं. प्राध्यापकांनी वाचून विचारलं, “हे लोक एकदम तुझे नातेवाईक कधी झाले?” नाकानं कांदे सोलणाऱ्याला हा प्रश्न कधीतरी कुणी विचारायलाच हवा होता, पण उत्तर द्यायचं धाडस माझ्यात तेव्हाही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी एकही मूल आलं नाही. काकूंनी फळ्यावर तारीख लिहिली. तिच्याखाली लिहिलं, ‘आज खूप बर्फ पडला.’ मग खुर्चीत बसल्या आणि दाराकडे पाहत राहिल्या. मी म्हणालो, “काकू, निघू या का?” त्या म्हणाल्या, “साडेनऊपर्यंत वर्ग आहे.” आम्ही साडेनऊपर्यंत बसलो. मग त्यांनी फळा पुसला, बाराखडीचा तक्ता भिंतीवरून काढून गुंडाळला आणि काखेत घेतला.

गाडीत बसल्यावर मी वायपर सुरू केले. मग त्या म्हणाल्या, “कमिटीचे मिनिट्स मला पण येतात रे. ईमेलनं. वीस वर्षं मी असोसिएशनची मेंबर आहे.”

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

“‘मराठी: नो ऑब्जेक्शन’ असं होतं त्यात. तू उपमा खायला यायच्या आधीच वाचलं होतं मी. म्हटलं, बघू, हा स्वतःहून सांगतो का. चार महिने झाले.”

“सॉरी, काकू,” मी म्हणालो. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज याची वाटली, की त्यांनी सगळं माहीत असून चार महिने माझ्या गाडीत बसून, मला डबा देऊन, मला संधी दिली होती.

“मला जे भांडण सांगितलंस ना, ते तिथे केलं असतंस तर भागलं असतं. खोली गेली असती तरी चाललं असतं मला. पुढच्या रविवारी येऊ नकोस. मी काय भिंतींना शिकवू?”

त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली. पायऱ्यांवर बर्फाची गोठून काच झाली होती. मी धावत जाऊन हात पुढे केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तक्ता दुसऱ्या काखेत घेऊन माझा हात धरला. दारापर्यंत मी त्यांना पडू दिलं नाही. मराठीचा प्रतिनिधी म्हणून त्या वर्षात मी केलेलं काम एवढंच.