जिन्याखालचा जॅक

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. कुठे अंतर जुळत नाही, कुठे सांगणाऱ्याच्याच बोलण्यात फरक पडतो... माझं कामच तसं आहे. सौंसरच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाटा सांभाळतो. कापसाची गाडी भरून आली की एकदा तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची, मधला फरक तो कापूस. काही जास्तीचा फरक आला तर त्याला कारण असतंच. माल ओला असतो, नाहीतर गाडीत माणूस बसून राहिलेला असतो. बिनकारणाचा फरक मी कधी पाहिला नव्हता. आता एक पाहिला आहे, आणि तो लिहिताना मला आनंद होत नाही. ज्यांना देवीची कृपा वगैरे ऐकायची असेल त्यांनी आमच्या दादाला भेटावं. तो फार रंगवून सांगतो.

आमचं घर पांढुर्ण्याला. दादा, वहिनी, मी, माझी बायको, सगळे एकत्र. संत्र्याचा बगीचा तिगावच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून पांदणीच्या कच्च्या वाटेनं दीड-दोन किलोमीटर आत. बगीचा दादा पाहतो. मी रोज पांढुर्णा ते सौंसर जाऊन-येऊन करतो, म्हणून जुनी का होईना, कार घेतली. कार माझ्या नावावर आहे. पण एकत्र घरात नावाला फारसा अर्थ नसतो. चावी खुंटीला असते आणि ज्याला पाहिजे तो नेतो. म्हणजे, दादाला पाहिजे तेव्हा दादा नेतो.

मी डिक्कीत काय काय ठेवतो यावर घरात नेहमी थट्टा चालायची. स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना. पान्याला लावायला हातभर लोखंडी पाइप, कारण गॅरेजमध्ये मशीननं आवळलेले नट नुसत्या हातानं सुटत नाहीत. बंद गाडी ओढायचा टोचनाचा दोर, बॅटरीची केबल, टॉर्च, रस्त्यात मागे ठेवायचा लाल त्रिकोण, पाण्याची कॅन, प्रथमोपचाराचा डबा. आणि बाभळीची एक जाड चौकोनी फळी. ही फळी कोणत्याच गाडीसोबत येत नाही, पण आमच्याकडे तिच्याशिवाय जॅकचा उपयोग नाही. काळ्या मातीत जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. फळी डिक्कीत बसत नव्हती म्हणून तिचा एक कोपरा मी करवतीनं तिरपा कापला होता. स्टेपनीची हवा दर महिन्याला तपासत होतो. लोक चारही चाकं तपासतात आणि पाचवं विसरतात.

"वसंत्या, हे गाडी हाय का हार्डवेअरचं दुकान?" असं दादा म्हणायचा. मी एकदा कामावर सहज हे सगळं तोलून पाहिलं होतं. चाळीस किलोच्या आसपास भरलं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे दोन पेट्या." त्याच्या लेखी माझ्या सामानाची किंमत तेवढीच. संत्र्याच्या दोन पेट्यांची जागा ते अडवतं.

पेट्यांचं असं आहे की आमच्याकडे बगीचा तुटायला आला की बाजाराच्या आधी चांगली फळं निवडून सोयऱ्यांना आणि साहेब लोकांना पोचवतात. कोणी कुणाला किती पेट्या दिल्या यावर वर्षभर बोलणं होतं. दिवाळीनंतर दादा माझी कार घेऊन नागपूरला पेट्या वाटायला गेला. जाताना डिक्की पूर्ण रिकामी केली. स्टेपनीसुद्धा काढली. सगळं घरी जिन्याखाली टाकलं.

दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. तोडाई सुरू व्हायच्या आधी बगीच्याची पूजा असते. बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, आम्ही त्याला माय म्हणतो, तिला नारळ फोडायचा. दादा, वहिनी आणि मी निघालो. डिक्कीत रिकाम्या क्रेटची चळत होती. मी दादाला विचारलं, सामान परत ठेवलं का. तो म्हणाला, ठेवलं बाप्पा ठेवलं, किती वेळा विचारतं. खरं तर मी एकदाच विचारलं होतं. पण थोरल्या भावानं हो म्हटल्यावर त्याच्यासमोर क्रेट उपसून पाहायचं म्हणजे तू खोटा आहेस असं तोंडावर सांगणं. आमच्या घरात ते होत नाही.

पूजा झाली. उन्हं कलायच्या आधी वहिनी झाडाखाली गळालेली संत्री वेचत होती, तिथे तिला घोणस चावली. पायाच्या बोटांपाशी. तिनं ओरडा केला नाही, नुसती खाली बसली आणि म्हणाली, "भाऊजी, गाडी काढा." साप दादानं पाहिला. त्या दिवशी आठवडी बाजार, बगीच्यात एकही मजूर नव्हता आणि कोणाची मोटारसायकलही नव्हती. अँब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या गावी गेलेली होती. मी वहिनीचा पाय हलू दिला नाही, मागच्या सीटवर आडवी केली, दादा तिच्याजवळ बसला आणि निघालो.

पांदणीच्या अर्ध्यात डावीकडचं पुढचं चाक बसलं. तिथे दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. मी तशीच गाडी दामटून पाहिली, पण स्टेअरिंग ऐकेना. चाक मातीच्या चाकोरीत घुसलं आणि गाडी थांबली. खाली उतरून पाहिलं. टायर पूर्ण सपाट, लोखंडी कडा जमिनीला टेकलेली. हे मी पाहिलं, दादानंही खिडकीतून वाकून पाहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी डिक्कीकडे वळलो तर दादा खिडकीतूनच म्हणाला, "डिक्की नको उघडू."

मी थांबलो.

"काही नाही तिच्यात. जिन्याखालीच राहिलं सारं."

त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. वहिनीचा पाय तोवर घोट्याच्या वर सुजत आला होता आणि हिरड्यांतून रक्त दिसत होतं. तिनं डोळे उघडून दादाकडे पाहिलं.

तरी मी डिक्की उघडली. का उघडली, माहीत नाही. आशेनं नाही... सवयीनं म्हणा. क्रेट काढून बाजूला बाभळीखाली रचले, खालचं रबर उचललं. स्टेपनी जागेवर होती. जॅक, पाना, पाइप, दोर, डबा, फळी, सगळं. मी ठेवतो त्याच क्रमानं, पान्याभोवती माझीच फडकी गुंडाळलेली.

तेव्हा मला नवल वाटलं नाही. दादा घाबरून चुकीचं बोलला असं वाटलं. फळी टाकली, जॅक लावला, पाइप चढवून नट सोडवले, चाक बदललं, पंक्चर झालेलं चाक डिक्कीत फेकलं. जॅक, फळी आणि बाकीचंही आत टाकलं. क्रेट तिथेच राहू दिले. दादा गाडीतून उतरून माझ्याजवळ येऊन उभा होता. तो हात लावत नव्हता. फक्त जॅककडे पाहून राहिला होता.

वहिनीला पांढुर्ण्यात दवाखान्यात नेलं. सापाच्या विषावरची औषधं लगेच सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. कॉरिडॉरमध्ये दादानं मला कोपऱ्यात ओढलं.

"वसंत्या, तूच ठेवलं होतं न परत? सकाळी?"

मी नाही म्हटलं.

"मंग मी सकाळी जिन्याखाली काय पाहिलं?"

मी वहिनीचे कपडे आणायला घरी गेलो. जिन्याखालचा दिवा लावला. सगळं तिथेच होतं. स्टेपनी उभी करून भिंतीला टेकवलेली, तिच्या आड जॅक, पाना, दोर, डबा. फळी सर्वांत खाली, कोरडी. जॅकच्या दांड्यावर मी तांबड्या रंगाचा पट्टा मारून ठेवला आहे, ओळखायला. तो पट्टा तिथे होता. जॅकवर मातीचा एक कण नव्हता. माझ्या नखांत मात्र काळी माती आणि वंगण होतं.

अंगणात येऊन डिक्की उघडली. आत काही नव्हतं. पंक्चर चाकही नव्हतं. मग डावीकडचं पुढचं चाक पाहिलं. ते जुनंच चाक होतं, झिजलेल्या नक्षीचं, ज्याची हवा गेली होती ते. हवा भरलेली होती. आणि टायरमध्ये बाभळीचा काटा तसाच रुतलेला होता.

तुम्ही म्हणाल, काट्यानंच छिद्र बुजवून धरलं असेल. पंक्चरवालाही तेच म्हणाला. त्यानं दुसऱ्या दिवशी चिमट्यानं काटा ओढला आणि माझ्यासमोर हवा सूं करून गेली. मला ते कारण आवडलं असतं. पण मग कडा जमिनीला टेकली होती ती कशी? दोघांचे डोळे एकदम चुकले असं धरून मी दुकानातून सरळ पांदणीवर गेलो. क्रेट बाभळीखाली रचलेले होते, मी रचले तसेच. चाकोरीजवळच्या मातीत एक चौकोनी ठसा होता. ठशाचा एक कोपरा तिरपा कापलेला. मी घरून फळी आणून त्यावर ठेवली. बरोबर बसली.

यापुढे मला काही सांगता येत नाही. म्हणजे, त्या गोष्टीबद्दल. बाकी सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

वहिनीला पुढे नागपूरला न्यावं लागलं. किडनीवर परिणाम झाला होता, डायलिसिस करावं लागलं. ती वाचली, पण पायाची दोन बोटं काढावी लागली. दादा पहिले काही दिवस कोणाशी बोलला नाही. मला वाटलं, हा आता स्वतःहून कबूल करील. पण वहिनीच्या जिवाचा धोका टळला तसा त्याचा आवाज परत येत गेला. आधी म्हणाला, मायनं लाज राखली. मग म्हणाला, पूजा केली होती म्हणून. वहिनी घरी येईपर्यंत त्याची गोष्ट तयार झाली होती, आणि त्या गोष्टीत "ठेवलं बाप्पा ठेवलं" हे वाक्य कुठेच नव्हतं.

बगीच्यात मोठं जेवण ठेवलं. सोयरे आले, ज्यांना पेट्या पोचल्या होत्या तेही आले. वहिनी खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. दादा सगळ्यांना सांगत होता, डिक्की रिकामी होती आणि मायनं आपल्या हातानं भरली. बायका दगडाला हात लावून हात कपाळाला नेत होत्या. तो थांबला तेव्हा वहिनी म्हणाली, "पन ते सामान गाडीतून काढलं कोनं?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

दादा हसला. "आता तेच धरून बसशीन काय? काढलं नसतं तं माय पावली असती काय?"

दोघं-तिघं हसले. एकानं मान डोलावली, म्हणाला, खरंच आहे, निमित्त लागते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काढलं नसतं तर पावायची गरज पडली नसती. दोन पेट्यांसाठी काढलं." आमची आत्या तिथेच होती. तिनं मला झापलं. पूजेच्या जागी, चार माणसांत, थोरल्या भावाला असं बोलतात का म्हणून. वर म्हणाली, तुझ्या हातून चाक बदललं म्हणून एवढा माजू नको, करणारी ती आहे. सगळ्यांना ते पटलं. मी पत्रावळ उचलून बाजूला झालो.

मला त्या मायचा राग नाही. कोणी मदत केली असेल तर त्याचे उपकारच आहेत. माझं म्हणणं एवढंच की ज्यानं केली त्याला, दादा त्या मदतीचा असा वापर करील, हे माहीत असतं तर बरं झालं असतं. साधं पंक्चर झालं असतं आणि साधं सामान निघालं असतं, तर वहिनी तेवढीच वाचली असती आणि दादानं आज कोणाला तोंड दाखवताना जरा खाली पाहिलं असतं.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा गाडी घेऊन गेला, पुन्हा पेट्या होत्या. परत आला तेव्हा सामान जिन्याखाली. वहिनीला तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं. मी सामान उचलायला लागलो तर दादा पान लावत बसला होता, म्हणाला, "राहू दे न. तुह्या गाडीले काही ठेवाची गरज नाही आता."

वहिनी काठी टेकत जिन्यापाशी आली. तिनं जॅक पाहिला, पाना पाहिला, फळी पाहिली. मग मला म्हणाली, "डिक्कीत नका ठेवू, भाऊजी. माह्या पायापाशी ठेवा. मले दिसलं पाहिजे."

स्टेपनी मी डिक्कीत ठेवून वरून साखळीकुलूप लावलं, चावी तिच्याजवळ दिली. बाकीचं एका जुन्या लुगड्यावर मागच्या सीटपुढे तिच्या पायापाशी मांडलं, फळी सगळ्यांत वर. आता प्रत्येक वेळी तसंच जातं.

त्या दिवशी पांदणीवर माझ्या हातात कोणाचा जॅक होता, हे मला आजही माहीत नाही. तोलून पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही. नागपूरच्या रस्त्यावर वहिनी मागे बसते, दुखरा पाय त्या फळीवर ठेवून. दादा पुढे माझ्या शेजारी बसतो. सावनेर येईपर्यंत बरंच बोलतो, पण मागे वळून पाहत नाही.